घागर भरलेली आहे का?

सहा-सात वर्षांची असेन मी. माझ्या वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, टॉकीजमधल्या मशीन-खोलीत एका खोक्यावर उभी राहून भिंतीतल्या चौकोनी भोकातून पडद्याकडे बघत होते. पडद्यावर नायिका विहिरीवर आली, पोहरा सोडला, दोनदा दोर ओढला आणि घागर डोक्यावर ठेवून गाणं म्हणत निघाली. मागून अप्पा म्हणाले, "घागर रिकामी आहे बघ."

"कशावरून?"

"मानेवरून. ही चालता चालता वळून हसतीय. डोक्यावर चुंबळसुद्धा नाही. तुझी आई आडावरून येते तेव्हा बघ, भरल्या घागरीखाली मान अशी वळत नाही."

दुसऱ्या दिवशी आई पाणी घेऊन येताना मी मुद्दाम दारात जाऊन उभी राहिले. ती समोर बघून येत होती. मी हाक मारली तर तिने मान वळवली नाही, सगळं अंगच वळवलं, आणि मग म्हणाली, "काय गं?" तिच्या कानामागून पाण्याचा ओघळ गळ्यापर्यंत आला होता.

चित्रपट बघण्याचं माझं सगळं शिक्षण त्या दोन दिवसांत सुरू झालं. नंतर खूप बघितलं, वाचलं, पुण्यात राहून महिनाभराचा रसग्रहणाचा वर्गही केला. पण आजही कुठलाही चित्रपट सुरू झाला, जुना असो, नवा असो, मराठी असो की इटालियन, माझ्या डोक्यात पहिला प्रश्न तोच येतो.

अप्पा सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. डोअरकीपर सगळ्या गावाच्या ओळखीचा असतो, ऑपरेटर कुणालाच माहीत नसतो. चित्र गेलं की सगळं थिएटर मागे वळून त्या भोकाकडे बघून ओरडतं, तेवढीच त्याची आणि लोकांची गाठ. खोलीत दोन मशीन शेजारी शेजारी होती. आत कार्बनच्या दोन कांड्या, त्यांच्या टोकांमध्ये ज्योत पेटायची आणि तो झगझगीत उजेड आरशावरून फिल्ममधून पडद्यावर जायचा. कांड्या जळत जळत आखूड व्हायच्या, त्यामुळे टोकांमधलं अंतर सारखं सांभाळावं लागायचं. अंतर वाढलं की पडद्यावरचा उजेड मंद व्हायचा. अप्पा काळ्या काचेतून ज्योत बघत आणि बोटांनी इतकासा खटका फिरवत. उन्हाळ्यात ती खोली भट्टी व्हायची. ते बनियनवर असत आणि खांद्यावर ओला पंचा.

वीसेक मिनिटांनी रीळ संपायचं. संपायच्या सातआठ सेकंद आधी पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका क्षणभर चमकून जायचा. हा ठिपका दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची. पुढच्या काही सेकंदांत दुसरा ठिपका आला की या मशीनचा उजेड बंद, त्या मशीनचा चालू. खाली बसलेल्या पाचशे माणसांना रीळ बदलल्याचा पत्ता लागता कामा नये. अप्पांचा हात ठिपका यायच्या आधीच खटक्यावर गेलेला असायचा.

रोज तीन खेळ, चित्रपट तीन आठवडे चालला तर साठाहून जास्त वेळा तोच चित्रपट त्यांच्या डोळ्यांसमोरून जायचा. मला वाटतं, त्यांची नजर तिथूनच आली. चौथ्या-पाचव्या खेळाला गोष्ट संपते. दहाव्या खेळाला संवाद ऐकू येईनासे होतात. मग दिसायला लागतात हात, पाय, मागे उभी असलेली माणसं. खरं काय आणि नुसतं दाखवायचं म्हणून केलेलं काय, ते वेगळं पडायला लागतं. सोडून जाणारी नायिका बॅग उचलते ती इतकी सहज, की आत एक लुगडंही नसणार. चहाचा कप ओठाला लागतो, पण त्यात चहा नसतो, कारण गरम कप माणूस तसा धरत नाही. हे अप्पा मला दाखवत राहिले. त्यात चेष्टा नसायची. स्वतः काम नेकीने करणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं कच्चं काम बघवत नाही, तसं त्यांना ते लागायचं.

पुण्यात गेल्यावर 'संत तुकाराम' पहिल्यांदा मोठ्या पडद्यावर बघितला. लहानपणी टीव्हीवर तुकड्यातुकड्यांनी बघितला होता, तेव्हा वैकुंठाला जाणारं गरुडाचं विमान तेवढं लक्षात राहिलेलं. १९३६चा प्रभातचा चित्रपट, दामले-फत्तेलाल यांचा. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. तुकोबांचं काम करणाऱ्या विष्णुपंत पागनिसांबद्दल सगळे बोलतात आणि ते बरोबरच आहे. अभंग म्हणताना ते गात नाहीत, मनातलं नुसतं बाहेर येतं असं वाटतं. 'आधी बीज एकले' ही शांताराम आठवल्यांची रचना लोकांना तुकोबांचीच वाटली, यात आठवल्यांच्या लेखणीचा वाटा आहे तसा पागनिसांच्या त्या म्हणण्याचाही आहे.

पण मी हलले ती गौरीबाईंच्या आवलीमुळे. ही बाई आधी प्रभातमध्ये साधं अंगमेहनतीचं काम करणारी, तिथून पडद्यावर आलेली. तिच्या अंगात काम मुरलेलं दिसतं. ती वाकते ती कमरेतून, बसते ती उकिडवी, पदर खोचते तो कुणीतरी बघतंय म्हणून नाही, पुढचं काम अडतंय म्हणून. म्हशीशी बोलते ते घरातल्या माणसाशी बोलावं तसं. पोर आजारी पडतं, नवरा देवाच्या नादात, आणि ती पोराला फरफटत देवळात नेऊन विठोबापुढे पायातली वहाण उगारते. आपल्याकडच्या सगळ्या चित्रपटांत याहून मोठा प्रसंग मला आठवत नाही. दिग्दर्शकांचं मोठेपण असं, की त्यांनी तिला चुकीची ठरवली नाही. तुकोबांची भक्ती खरी आणि हिची भूकही खरी. दोन्ही घागरी भरलेल्या. नव्वद वर्षं होत आली, तरी मराठी चित्रपटाने संसारी बाईला इतक्या सन्मानाने क्वचितच बघितलं आहे, असं माझं ठाम मत आहे.

त्याच सुमारास 'बायसिकल थीव्ज' बघितला. डी सिकाचा, १९४८चा, रोममधला. पोस्टर चिकटवायची नोकरी लागलेला माणूस, नोकरीसाठी लागणारी सायकल, आणि ती पहिल्याच दिवशी चोरीला जाते. पोस्टर लावताना सुरकुती कशी राहू द्यायची नाही, हे एक जुना कामगार त्याला दाखवतो. तो प्रसंग सुरू झाला आणि माझ्या नाकात खळीचा वास आला. आमच्या टॉकीजच्या पोस्टरवाल्याची सायकल अशीच होती. हँडलला खळीची बादली, कॅरिअरवर घड्या घातलेली पोस्टरं, काखेत लांब दांड्याचा कुंचला. नायकाचं काम करणारे लाम्बेर्तो माज्जोरानी स्वतः कारखान्यातले कामगार होते, हे मला नंतर कळलं. पण हात बघून ते आधीच कळलं होतं.

मग असं म्हणायचं का, की कष्टकऱ्याचं काम कष्टकऱ्यानेच करावं? या प्रश्नावर मी बराच काळ अडून होते. त्यातून मला सोडवलं बलराज साहनींनी. शिकलेसवरलेले, इंग्रजीत एम.ए. झालेले, बीबीसीत काम केलेले गृहस्थ. 'दो बिघा जमीन'साठी ते कलकत्त्याच्या रस्त्यावर खरी हातरिक्षा ओढायला शिकले. १९५३चा तो चित्रपट आज बघताना त्यांच्या पोटऱ्यांकडे बघा. तिथे अभिनय संपलेला आहे. घागर भरलेलीच लागते, पण ती भरता येते. विहिरीपर्यंत जायची तयारी लागते, एवढंच.

निळू फुल्यांचं उदाहरण तर माझ्या सर्वांत आवडीचं. तरुणपणी पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी माळीकाम केलेलं. मातीत हात घातलेला हा माणूस जब्बार पटेलांच्या 'सामना'मध्ये साखरसम्राट हिंदूराव धोंडे पाटील होतो आणि जवळजवळ काहीच हालचाल करत नाही. सत्ता असलेल्या माणसाचं काम म्हणजे दुसऱ्यांना हलवणं. स्वतः हलायची त्याला गरज पडत नाही. समोर डॉ. लागूंचे मास्तर सारखे अस्वस्थ, आणि हा लोडाला टेकल्यासारखा शांत. १९७५ साली कुणाला एवढं बारीक सुचलं असेल? आजच्या राजकारणी खलनायकांना मी गाड्यांतून उतरताना, चष्मा काढताना, आरडाओरडा करताना बघते, तेव्हा ते हिंदूरावांसमोर भाडोत्री वाटतात.

आता नव्यावरची माझी तक्रार सांगून टाकते, कारण ती मनात साठली आहे. गेल्या काही वर्षांत ऐतिहासिक चित्रपटांची लाट आली. महाराजांवर, मावळ्यांवर माझंही प्रेम आहे. लहानपणापासून मी गड चढते आहे, म्हणूनच बोलते. या चित्रपटांत कुणी गड चढून आलं की धापा टाकत नाही. मध्यरात्री कडा चढलेल्या मावळ्याचे गुडघे फुटलेले नसतात, नखांत माती नसते. तलवार अशी गरगर फिरते जणू तिला वजनच नाही. मग शौर्य कशात उरलं? ते वजन पेलण्यातच तर शौर्य होतं. संगणकावर उभे केलेले बुरूज आणि ढोलांचा दणदणाट यांनी माझ्या अंगावर काटा येत नाही. एका माणसाचा चढताना लागलेला श्वास ऐकवा, येईल.

ग्रामीण चित्रपटांतही तेच. आधी ड्रोनमधून हिरवीगार शिवारं, मग इस्त्रीचा सदरा घातलेला शेतकरी. वरून बघितलं की गाव सुंदरच दिसतं. वरून वजन दिसत नाही.

पण याच काळात 'फँड्री' आला. फेब्रुवारी २०१४. पुण्यातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये दुपारच्या खेळाला बसले होते. नागराज मंजुळेंनी शेवटाकडचा डुक्कर पकडण्याचा प्रसंग इतका लांबवला आहे, की सुरुवातीला थिएटरमध्ये लोक हसत होते. पडद्यावरही गावची पोरं हसत होती. शाळकरी जब्याचा बाप कचरू, म्हणजे किशोर कदम, हातात फास घेऊन धावतोय, पडतोय, शिव्या खातोय. जब्या लाजेने भिंतीआड लपतोय, कारण शाळेतली शालू बघतेय. मग शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, जब्या ताठ उभा राहतो, घरचे सगळे उभे राहतात आणि हातात आलेलं डुक्कर निघून जातं. थिएटरमधलं हसणं कुठे थांबलं ते मला नेमकं सांगता येणार नाही, पण मारलेलं डुक्कर काठीला बांधून बापलेक खांद्यावरून नेतात, मागे शाळेच्या भिंतीवर आंबेडकर, शाहू महाराज, सावित्रीबाई यांची चित्रं, तेव्हा चिटपाखरू हलत नव्हतं. त्या काठीला खरं वजन आहे. जब्याचा खांदा खाली दबलेला आहे. तो शेवटी दगड भिरकावतो तो थेट आपल्याकडे येतो, आणि तो लागतो, कारण त्याआधी ते ओझं आपण त्याच्याबरोबर वाहिलेलं असतं.

रात्री अप्पांना फोन केला. म्हटलं, "अप्पा, घागर भरलेली आहे." त्यांनी चित्रपटाचं नाव विचारलं, आणखी काही विचारलं नाही.

'सैराट'बद्दल लोक गाण्यांचं बोलतात. मला मध्यंतरानंतरचं हैदराबाद जास्त मोलाचं वाटतं. ट्रॅक्टर आणि बुलेट चालवणारी पाटलाची आर्ची झोपडपट्टीत येते, बाटल्यांच्या कारखान्यात कामाला लागते, आणि प्रेम म्हणजे रोजचं पाणी, रोजचा स्टोव्ह, रोजची दमणूक असं होऊन बसतं. पहिल्या भागात पडलेलं प्रेम तिथे कमावलं जातं.

चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट'ने मला आणखी एक गोष्ट शिकवली. २०१४ साली व्हेनिसमध्ये त्याला मोठे पुरस्कार मिळाले, इथे तो पुढच्या वर्षी लागला. कॅमेरा एका जागी उभा, हलत नाही, आणि समोर कोर्टाचं रोजचं कामकाज. लोकशाहिरावर गंभीर आरोप आहे, पण तारखा पडतायत, कागद पुढे सरकतायत. गीतांजली कुलकर्णींची सरकारी वकील जुन्या कायद्यातली कलमं अशी भराभरा वाचते, जशी आई देवापुढे पाठ झालेली पोथी वाचायची. मग ती लोकलने घरी जाते, वाटेत मैत्रिणीशी ऑलिव्ह ऑइलबद्दल बोलते, घरी स्वयंपाक करते. तिच्यावर मला चिडायचं होतं. चिडता आलं नाही, कारण ती माझ्या ओळखीची बाई होती. दिवसभर ज्या यंत्रात ती एका माणसाला भरडते, ते तिचं काम आहे, आणि ती ते नीट करते. काम नेकीने करणं म्हणजे चांगलंच, हे मी अप्पांकडून शिकले होते. 'कोर्ट'ने त्या समजुतीला तडा दिला. सुट्टी लागण्याआधी कोर्टातले दिवे एकेक करून बंद होतात आणि पडदा काळा होतो. मला वाटलं, इथेच संपला. पण तो पुढे जातो, सुट्टीवर गेलेल्या न्यायाधीशांबरोबर. त्या अंधारात काही सेकंद बसून राहणं फार जड गेलं.

ताम्हाणेंच्याच 'द डिसायपल'मध्ये गायकाचं काम करायला गाणारा माणूस घेतला, आदित्य मोडक. गुरुजींच्या भूमिकेत अरुण द्रविड, तेही जयपूर घराण्याचे गवई. रियाज करूनही न येणारा सूर ऐकवायचा तर आधी सूर येणाराच माणूस लागतो. हे ज्याला सुचलं त्याला माझा नमस्कार.

दरम्यान आमचं टॉकीज बंद पडलं. आधी रिळांच्या पेट्या यायच्या बंद झाल्या आणि खेळ उपग्रहावरून यायला लागले. एक बटन दाबलं की झालं. अप्पा दोन वर्षं त्या बटनाजवळ बसले. मग मालकाने थिएटरच बंद केलं. शेवटच्या महिन्यांचा पगार बुडाला. त्याबद्दल अप्पा कधी बोलले नाहीत, पण काळी काच त्यांनी घरी आणली, ती अजून कपाटात आहे.

पुढे २०२१मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत मी माहेरी होते. एका दुपारी लॅपटॉपवर 'द ग्रेट इंडियन किचन' लावला. मल्याळम, जिओ बेबी यांचा. आई भाजी निवडत शेजारी बसली. तिला मल्याळम येत नाही, आणि खालची इंग्रजी अक्षरंही वाचता येत नाहीत. मी अर्थ सांगायला लागले तर म्हणाली, "राहू दे, कळतंय." नवी नवरी चिरतेय, वाटतेय, टेबलावर पुरुषांनी टाकलेलं उष्टं गोळा करतेय, सिंकखालची नळी गळतेय आणि नवरा प्लंबरला बोलवायचं रोज विसरतोय. आईचे हात थांबले. गवारीची शेंग हातात तशीच. त्या मुलीने घाणीचं पाणी फेकलं तेव्हा आई एकदम म्हणाली, "बरं केलं."

चित्रपट संपल्यावर ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तुझे अप्पा त्या भोकातून सगळ्या जगाच्या बायकांच्या घागरी बघायचे. आपल्या घरात नळ सत्त्याण्णव साली आला. तोवर रोज वीस खेपा. त्यांनी एक घागर उचलली नाही कधी."

मी काय बोलणार होते? ज्या वाक्यावर मी माझी सगळी आवडनिवड उभी केली, त्या वाक्यातली मान आईची होती. अप्पांनी ती बघितली होती. नेमकी बघितली होती. मीही दारात उभी राहून बघितली, आणि मग खेळायला गेले.

त्यानंतर मी शांताल अकरमनचा 'जान दिलमान' पुन्हा बघितला. १९७५चा, सव्वातीन तासांहून मोठा. ब्रसेल्समधली एक विधवा बाई तीन दिवस घरकाम करते. २०२२मध्ये जगभरच्या समीक्षकांनी 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश मासिकाच्या सर्वोत्तम चित्रपटांच्या यादीत त्याला पहिलं स्थान दिलं, तेव्हा अनेकांना राग आला. बटाटे सोलणं काय तासन् तास बघायचं, म्हणून. पहिल्यांदा मीही कंटाळले होते. या वेळी दुसऱ्या दिवशी तिचे बटाटे जास्त शिजतात, पातेलं हातात घेऊन ती घरभर फिरते आणि ते टाकायचे कुठे हे तिला सुचत नाही, तेव्हा मी रडले. पंचविशीतल्या मुलीने बनवलेला चित्रपट आहे तो. तिने तिच्या आईकडे किती लक्ष देऊन बघितलं असेल.

गेल्या दिवाळीत घरी 'संत तुकाराम' लावला, नव्या टीव्हीवर. अप्पांना आता कमी दिसतं, ते खुर्ची पुढे ओढून बसले. आई शेजारी. आवलीने वहाण उगारली तेव्हा आईने अप्पांकडे बघितलं. अप्पा पडद्याकडेच बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "बरोबर आहे तिचं." मग थांबून, "तू पण मारायला हवी होतीस एखादी."

"आता सांगताय," आई म्हणाली, आणि उठून चहा टाकायला निघाली. अप्पा म्हणाले, "बस तू." खुर्चीच्या हाताला धरून ते उठायला लागले. तेवढ्यात पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकला. कुठल्या तरी जुन्या प्रतीवरून उतरवलेली असणार ही, ठिपका तसाच राहिला होता. अप्पा अर्धवट उठलेले तिथेच थांबले. उजवा हात पुढे गेला, अंगठा आणि दोन बोटं एकत्र आली. दुसरा ठिपका आला. हवेत त्यांनी खटका ओढला, पडद्याकडे एकदा बघून घेतलं, आणि चहा टाकायला आत गेले.